वाईट वर्षाची वाइन

नाव मोठं आणि वर्ष वाईट, अशी बाटली घ्यावी की घेऊ नये? हल्ली मला हे विचारतात. बँकेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणींची मुलं आता पगार झाला की मॉलमध्ये जाऊन वाइन आणतात, दुकानात उभं राहून बाटलीचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, मावशी, ही कशी? मी काय दुकान मांडलंय? पण मी पडले अंधेरी पूर्वेच्या गावठाणातली ख्रिस्ती बाई. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या वाइन होते, म्हणजे जगातल्या सगळ्या वाइनी मला कळतात असा त्यांचा समज आहे. यांच्या आया वर्षभर "तुमच्यात काय बाई, चालतं" म्हणून नाक मुरडणार, आणि नाताळ आला की कागदात गुंडाळलेली एक बाटली त्यांनाही हवीच.

तर उत्तर मला येतं. ते मला माझ्या धाकट्या भावानं शिकवलं. फार सुंदर शिकवलं, आणि त्याच वर्षी स्वतः काय केलं तेही मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून हा प्रश्न कुणी विचारला की माझं डोकं फिरतं.

आधी आईबद्दल सांगते. आई मढची. माहेर कोळीवाड्याला लागून, आता तिच्या भावांनी ते घर शूटिंगला भाड्यानं द्यायला काढलंय, तिथं रोज कुणाची तरी खोटी लग्नं लागतात. ती लग्न होऊन अंधेरीला आली तेव्हा आमच्या गावठाणात तीन-चार घरी वाइन व्हायची. दहाएक वर्षांत बाकीच्यांनी आपापल्या बरण्या लोणच्याला लावल्या. कारण आईची वाइन एकदा प्यायल्यावर दुसरीची कोण पिणार? मरोळपासून कुर्ल्याच्या गावठाणापर्यंत लग्न ठरलं की आधी फादरना कळवायचं आणि मग आईला. मी हे लेक म्हणून सांगत नाही. माझ्या तोंडून कौतुक सहजासहजी निघत नाही, ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

नाशिकची काळी द्राक्षं फेब्रुवारी-मार्चात येतात. आई ती कुस्करून साखर, पाणी, मूठभर गहू आणि यीस्ट घालून चिनी मातीच्या बरणीत ठेवायची. बरणीवर चुन्यानं क्रूस काढायचा. मग रोज लाकडी चमच्यानं ढवळायचं, उग्र वास सुटला की झाकण जरा सैल करायचं, तीन आठवड्यांनी मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि बाटल्या भरायच्या. एवढंच. कृती सगळ्यांना पाठ होती, पण कधी थांबायचं हे फक्त आईच्या नाकाला कळायचं. झाकण उघडून ती नुसती वाकायची आणि म्हणायची, "झाली" किंवा "अजून दोन दिवस". त्यावर कुणी वाद घालत नसे.

चांगल्या वर्षी तिला फार काम नसायचं. खरी मेहनत वाईट वर्षी. ऐन तोडणीला नाशिककडे अवकाळी पाऊस झाला की द्राक्षं पाणी पिऊन टम्म फुगतात, साली फुटतात, गोडी जाते. मग आई सगळे घड दारच्या ओट्यावर पसरायची आणि एकेक मणी निवडायची. फुटका मणी बाजूला, बुरशीचा बाजूला. उरलेले जुन्या लुगड्यावर दोन दिवस सावलीत सुकवायचे म्हणजे पाणी जरा आटेल. पाणी कमी घालायचं, मनुका घालायच्या, आणि चार दिवस आधीच गाळायची. एवढं करून ती वाइन हलकीच व्हायची. पण वाईट नसायची गं. फिकट, पातळ, जेवणाबरोबर गटागट प्यावी अशी. देताना आई स्वच्छ सांगायची की यंदाची ठेवू नका, बांद्र्याच्या जत्रेआधी संपवा. म्हणजे सप्टेंबर. पुढं ती टिकायची नाही, उतरायची. जे ऐकायचे त्यांना ती आवडायची, आणि जे नाताळपर्यंत कपाटात दडवून ठेवायचे ते नंतर तोंड वाकडं करायचे.

मग ते साथीचं वर्ष आलं. आई वाचली, पण तिचं नाक गेलं. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आलं नाही. सुकट भाजली तरी तिला कळत नसे, गॅस गळत असला तरी कळत नसे. चहा तिला नुसता गोड लागायचा, चहा लागायचा नाही. पहिले काही महिने ती दिवसभर काही ना काही नाकाशी धरून बसायची. आमचा वर्षाचा बाटलीत भरलेला मसाला, लिंबाचं पान, माझी साबणाची वडी. मला ते बघवायचं नाही आणि मी तिच्यावर ओरडायचे. रडू आलं की मी ओरडते, माझी खोडच आहे ती.

तेव्हापासून तिचं नाक मी झाले. बरणी उघडायची ती, वाकायचे मी. वास कसला येतो ते ती विचारायची आणि मी सांगायचे. ओल्या गोणपाटाचा, पिकल्या केळ्याचा, फोडलेल्या चिंचेचा. त्यावरून ती ठरवायची. अशी दोन वर्षं निभावली. आधीसारखी नाही, पण तिचीच वाइन होती.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. माझा एकुलता एक भाचा, आईचा एकुलता एक नातू. आमच्याकडे रीत अशी की लग्नाची वाइन त्या लग्नाच्याच वर्षी घातलेली हवी, आणि मुलाच्या घरच्या सगळ्यात थोरल्या बाईच्या हातची हवी. मागच्या वर्षीची चालत नाही, दुसरीच्या घरची चालत नाही. सगळ्या जगाच्या लग्नांना आईची वाइन गेली होती. स्वतःच्या नातवाच्या लग्नाची घालायची ही तिची एकच संधी होती, आणि वय बघता शेवटचीच. साखरपुड्याच्या दिवशीच तिनं बरणी उन्हात ठेवली.

आणि त्याच फेब्रुवारीत नाशिकला गारा पडल्या.

द्राक्षवाल्यानं पेटी उघडली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. आईनं एक मणी दाबून बघितला, पाणी उडालं. मी म्हटलं, यंदा नको घालूस. ती म्हणाली, लग्न यंदाच आहे ना. संपला विषय. आम्ही दोघींनी तीन दिवस ओट्यावर बसून मणी निवडले. अर्ध्याहून जास्त फेकले. येणारे-जाणारे थांबून बघायचे, शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे. आईची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, तरी एका मण्यावर तिनं दया केली नाही. लुगड्यावर सुकवणं, मनुका, सगळं केलं. मी वास सांगत होते, ती ठरवत होती. आणि मी शपथेवर सांगते, एप्रिलमध्ये बाटल्या भरल्या तेव्हा ती वाइन छान होती. हलकी होती, पण सरळ, स्वच्छ. आईनं भावाला फोन करून सांगितलं की लग्न सप्टेंबरच्या आत उरक, यंदाची वाइन थांबणारी नाही.

भाऊ म्हणाला, मम्मी, कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे सगळे नाताळातच येतात, हॉलही नाताळानंतरचाच मिळालाय. वाइनसाठी कुणी लग्नाची तारीख बदलतं का? बरोबर आहे. हॉलसाठी बदलतात.

आता या माझ्या भावाविषयी. तो आमच्याच घरात वाढला, आमच्याच बरणीतली चोरून प्यायला. मोठा साहेब झाला आणि कांजूरमार्गला अठराव्या मजल्यावर राहायला गेला. तिथं त्याला वाइनचा साक्षात्कार झाला. त्याचा एक क्लब आहे, महिन्याला जमतात, ग्लास फिरवतात, नाक खुपसतात आणि डायऱ्या लिहितात. एवढी वर्षं आई बरणीत नाक घालायची तेव्हा हा मित्रांसमोर लाजायचा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

मे महिन्यात त्यानं आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. फ्रान्सहून येताना एक बाटली आणली होती, कुठल्याशा फार मोठ्या घराण्याची. आधी ती टेबलावर देवासारखी मांडून ठेवली. खिडक्या घट्ट बंद, कारण वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास थेट दिवाणखान्यात येतो, आणि अशा वासात म्हणे वाइन कळत नाही. आईला बिचारीला कसलाच वास नाही, ती घामानं भिजून म्हणत होती, अरे, उघडा की जरा खिडकी.

मग त्यानं व्याख्यान दिलं. मी इथं त्याच्यावर अन्याय करणार नाही, कारण तो जे बोलला ते शंभर टक्के खरं होतं. बाटली वाईट वर्षाची होती. त्या वर्षी तिकडंही ऐन तोडणीत पाऊस झाला होता. भावजयीनं विचारलं, मग वाईट वर्षाची कशाला घेतलीत? नाव मोठं, लक्षण खोटं! त्यावर तो हसला, नवशिक्याला समजावतात तसा.

"वेडे, मोठ्या घराण्याचं वाईट वर्षच घ्यावं," तो म्हणाला. "चांगल्या वर्षी कोणीही करतं. देवच करतो अर्धी. वाईट वर्षी करणाऱ्याचा हात कळतो. किती फेकलं, किती ठेवलं, कुठं थांबला. फक्त ती साठवायची नाही. वेळेत प्यायची आणि तिच्याकडून मोठेपणा मागायचा नाही."

मी आईकडे बघितलं. तिला किती कळलं देव जाणे, पण ती मान हलवत होती. लेकाला धंद्यातलं कळतंय म्हणून खूश होती. मी म्हटलं, अरे, मग आपली यंदाची पण तशीच आहे की. तो हो हो म्हणाला आणि ग्लास उजेडाकडे धरून त्या फ्रेंच वाइनचा रंग बघत बसला.

वाइन कशी होती? चांगली होती. फिकट, पातळ, स्वच्छ. आईच्या वाईट वर्षासारखीच, फक्त साखर कमी. आणि तिथं बसून मला पहिल्यांदा कळलं की आई काय करत आलीय ते. तोवर मीसुद्धा वाईट वर्षाकडे आईचं दुर्दैव म्हणून बघत होते. तेव्हा या एका बाबतीत मी भावाची ऋणी आहे. म्हणून आता विचारणाऱ्या पोरांना मी तेच सांगते. घ्या. करणारा खरा असेल तर डोळे मिटून घ्या, घरी आणा, कालवणाबरोबर प्या, लवकर संपवा. पण चार लोकांना नाव दाखवायला घेत असाल तर घेऊ नका. कारण दाखवायला घेतलेल्या वस्तूला वाईट वर्ष माफ नसतं. नावाजलेला गुरव देवळात हगला म्हणायला लोक टपलेलेच असतात.

सप्टेंबर आला. बांद्र्याची जत्रा झाली, आम्ही माउलीला मेणबत्ती लावून आलो आणि त्या संध्याकाळी आईनं एक बाटली उघडली. स्वतः घोट घेतला. मला गोड लागतं आणि जरा आंबट, मधलं काही कळत नाही, म्हणाली. ग्लास माझ्यापुढे सरकवला.

उतरली होती. आईनं एप्रिलातच सांगितलं होतं तशीच. वास गेला होता, चव मध्येच तुटत होती आणि मागून आंबूस येत होती. पण मी खोटं नाही बोलले. तिचं नाक म्हणून मला बसवलं होतं, आणि नाकानं खोटं बोलायचं म्हणजे मग राहिलं काय? मी म्हटलं, आई, गेली. आईनं बाटलीला बूच परत लावलं. मग म्हणाली, उद्या नारळाला ओतू सगळी. आमच्याकडे बिघडलेली वाइन मोरीत टाकत नाहीत, क्रूस काढलेल्या बरणीतली असते ती. झाडाच्या मुळाशी ओततात. ती रडली नाही की काही नाही. उलट मला वाटलं, तिचा जीव सुटला. लग्नात वाइन नसेल तर नसेल, सांगेन सगळ्यांना की यंदा गारा पडल्या, चारचौघांत मान खाली घालायचं काही कारण नाही, असं तीच म्हणाली.

सकाळी भाऊ आला, पत्रिका दाखवायला. पत्रिकेच्या खाली सोनेरी अक्षरांत छापून घेतलं होतं की टोस्ट आजीच्या हातच्या वाइननं होईल. आता हे कोण छापतं? त्याला बाहेरच्या पाहुण्यांसमोर, क्लबच्या मित्रांसमोर मिरवायची होती. आमची फॅमिली, आमची ट्रॅडिशन. आईनं त्याला सांगितलं की वाइन ओतून टाकतेय. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

त्यानं ग्लासात थोडी घेतली, फिरवली, नाक खुपसलं, तोंडात घोळवली. मी त्याच्याकडे बघत होते. त्याला कळलं. एवढे क्लब केले, एवढ्या डायऱ्या लिहिल्या, त्याला कळणारच. त्याच्या भुवईवरून मला दिसलं की त्याला कळलं.

आणि तो म्हणाला, "झकास आहे, मम्मी. हिचं ऐकू नकोस. हिचं तोंडच कडू, हिला अमृत दिलं तरी कडू लागेल."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तीन वर्षं तिची बरणी मी हुंगली होती, तीन दिवस मणी मी निवडले होते, तिला अंघोळ मी घालत होते. आणि तिनं विश्वास ठेवला त्याच्यावर. मुलगा ना तो. गोड बोलला ना. शिवाय फ्रान्सची वाइन पिऊन आलेला. मी तिथून उठून गेले आणि कपडे धूत बसले. कपड्यांचा काय दोष होता, पण आपटून घेतले. बाटल्या राहिल्या. जायच्या आधी आईनं त्याला तीनतीनदा विचारलं, खरं ना रे? आणि तो तिन्ही वेळा खरं म्हणाला.

नाताळ झाला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी आणायला गेलो. विहिरीवर पालिकेनं लादी टाकलीय, म्हणून आता बँड वाजवत सोसायटीच्या टाकीपर्यंत जातो आणि नळाचं पाणी भरतो. गर्दीत चालवत नाही म्हणून आई व्हीलचेअरवर, पण लुगडं लाल, केसांत अबोली. वाइनच्या बाटल्या त्याच दिवशी भावानं माणूस पाठवून मुलुंडच्या हॉलवर नेल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून मी हॉलवर सगळ्यांच्या आधी पोचले, फुगे, म्हणजे आमचे तळलेले पावाचे गोळे, ठेवायला मागच्या बाजूला गेले. तिथं केटररची माणसं बाटल्या धूत होती. आमच्या बाटल्या. मी एकेकीचं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलेलं असतं, मला माझी बाटली कळते. मोरीत सगळं तांबूस पाणी वाहत होतं. बाजूला दुकानातल्या वाइनचे खोके, एक माणूस नरसाळं लावून ती आमच्या बाटल्यांत ओतत होता.

भाऊ सुटाबुटात तिथंच उभा होता. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं मला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. म्हणाला, एवढ्या लोकांसमोर मम्मीला तोंडावर पाडायचं का? नाशिकचीच आहे, चांगल्या कंपनीची आहे. तिला वास येत नाही, तिला काय कळणार? तिचं नाव राहील. मी म्हटलं, सप्टेंबरात तिचं नाव तीच राखत होती की रे. तेव्हा का नाही राखू दिलंस? तर म्हणाला, पत्रिका छापून झाली होती.

फ्रान्सच्या कुठल्या अनोळखी माणसाचं वाईट वर्ष यानं दोन खंड ओलांडून, गोधडीत गुंडाळून आणलं. ते वेळेत प्यायला. त्याच्याकडून मोठेपणा मागितला नाही. आईला मात्र लग्नाची तारीख बदलून दिली नाही, आणि उतरल्यावर खरंही सांगितलं नाही. हे मला आजही गिळवत नाही.

मी आरडाओरडा करणार होते. मग आत बँड सुरू झाला, आईला मधल्या टेबलापाशी आणून बसवलं, आणि तिचा चेहरा बघून मी तिच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले. माइकवाल्यानं आईचं नाव घेतलं. आजीच्या हातची वाइन! सगळे उभे राहिले. आईनं ग्लास उचलला, नातवाकडे बघितलं, घोट घेतला. मी बघत होते. ती क्षणभर थांबली, ग्लासात बघितलं, मग सगळा रिकामा केला आणि खाली ठेवला. लोक येऊन तिचे हात धरत होते. कॅनडाचे, ऑस्ट्रेलियाचे, क्लबचे. क्लबातला एक जण तर म्हणाला, होममेड असून इतकी ड्राय, कमाल आहे. आई सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. मला वाटलं, चला, नाही कळलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ केक घेऊन आला. आई त्याच्याशी नीट बोलली, सुनेची चौकशी केली, निघताना त्याच्या कपाळावर क्रूस काढला. तो गेल्यावर मी चहाच्या कपबश्या उचलत होते तेव्हा तिनं मला बसायला सांगितलं.

"कुठे ओतली त्यानं?" तिनं विचारलं.

मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, नाक गेलंय, जीभ नाही गेली. माझी गोड असते. ती जरापण गोड नव्हती.

खरंच की. साखर तर तिला कळत होती, चहातली रोज कळत होती. वाइनवर डायऱ्या लिहिणाऱ्या माझ्या भावाला हे सुचलं नाही, आणि साखर घालणं त्याच्या क्लबात पाप असेल. ती पहिल्या घोटालाच समजली होती. समजूनही तिथं बसून सगळ्यांना थँक्यू म्हणत होती, दुसऱ्याच्या वाइनबद्दल.

तिनं पुन्हा विचारलं, कुठे ओतली. मी सांगितलं, मोरीत.

आई म्हणाली, "उतरली होती तरी माझीच होती ना गं. तू सांगितलंस तेव्हाच ओतणार होते मी. माझ्या हातानं."

या वेळी मी तिच्यावर ओरडले नाही. भावाला हे मी कधी सांगितलं नाही, तिनं सांगू दिलं नाही. तो अजून सांगत फिरतो की मम्मीच्या शेवटच्या वाइनला लोकांनी कसं डोक्यावर घेतलं.

यंदा फेब्रुवारीत द्राक्षवाला आला. नाशिकला यंदा थंडी पडली, ऊन पडलं, पाऊस वेळेवर गेला. पेटी उघडली तेव्हा मीच चाट पडले, असली द्राक्षं मी आयुष्यात बघितली नव्हती. काळीभोर, घट्ट, एक मणी फुटका नाही. तो म्हणाला, आजी, तुमच्यासाठी निवडून आणली, असं वर्ष पुन्हा येत नाही. मी बरणी काढायला आत वळले होते. आईनं एक मणी तोंडात टाकला, चावला, चांगली गोड आहेत म्हणाली, आणि त्याला परत पाठवलं.